मुलानं खरं सांगावं म्हणून घरात काय करावं

रविवारी उपासना संपली की चर्चच्या पायऱ्यांवर कुणी ना कुणी तरुण आई मला गाठते. एका हाताला मुलगा, दुसऱ्या हातात पिशवी. आवाज खाली आणून विचारते, "बाई, दहा आज्ञा तोंडपाठ आहेत याच्या. प्रभूची प्रार्थना न अडखळता म्हणतो. पण घरी सरळ तोंडावर खोटं बोलतो. काय करू?"

पायऱ्यांवर उभ्या उभ्या सांगण्यासारखं हे नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

मी भायखळ्याला आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, 31 वर्षं रविवारची शाळा घेते. नोकरी दवाखान्यात नर्सची केली, तीन पाळ्यांची. राहायला घोडपदेवच्या चाळीत होतो. दहा बाय पंधराची खोली, वर पोटमाळा, आणि माणसं पाच: आम्ही दोघं, दोन मुलं, सासूबाई. तेव्हा "आमच्याकडे जागा नाही, वेळ नाही" असं कुणी म्हटलं तर मला ते पुरतं ठाऊक आहे. मी सांगते ते सगळं त्या खोलीत, नाइट ड्यूटी सांभाळून केलेलं आहे. काही गोष्टी आधी चुकीच्या करून मग सुधारल्या आहेत.

इतक्या वर्षांत माझं एक मत पक्कं झालं आहे. ज्या घरात चूक कबूल करायला मूल घाबरत नाही, त्या घरात प्रामाणिकपणा, दया, संयम हे सगळं हळूहळू रुजतं. कबुलीलाच जागा नसेल, तर शास्त्रातली वचनं मुलाच्या जिभेवर राहतात आणि खाली उतरत नाहीत.

डब्यातले वीस रुपये

आमच्या फळीवर बोर्नव्हिटाचा एक रिकामा डबा असायचा, झाकणाला चीर पाडलेला. पगाराच्या दिवशी आमचे हे त्यात दशमांश, म्हणजे कमाईचा दहावा भाग, टाकायचे आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी तो आम्ही चर्चला द्यायचो. 2004 साली एकदा मोजताना वीस रुपये कमी भरले. धाकटा तेव्हा नऊ वर्षांचा होता. त्याच्या दप्तरात ट्रम्प कार्डांचं नवं पाकीट सापडलं.

मी त्याला दंडाला धरून गॅलरीत आणलं. "देवाचे पैसे चोरलेस! देव वरून बघतोय, कळतंय का!" अख्खा मजला दारात आला. तो रडला, कान धरले, "पुन्हा नाही करणार" म्हणाला. मला वाटलं, चांगला धडा मिळाला.

पुढच्या काही महिन्यांत घडलं ते असं. चाचणीचा पेपर गादीखाली. फाटलेला शर्ट पोटमाळ्यावर पत्र्याच्या ट्रंकेमागे. पाण्याची बाटली हरवली तर "शाळेत ठेवलीय." आणि रात्रीच्या प्रार्थनेत तो डोळे घट्ट मिटून बसायचा, तोंडातून शब्द काढायचा नाही. आजीला मात्र त्यानं एकदा सांगितलं, "मला प्रार्थना नाही करायची. देव सारखा बघत असतो."

सासूबाई नगर जिल्ह्यातल्या खेड्यातून आलेल्या, चौथी शिकलेल्या. ओळीवर बोट ठेवून बायबल वाचायच्या. एका दुपारी भाजी निवडता निवडता त्यांनी बायबलमधल्या जक्कयची, लोकांना फसवणाऱ्या जकातदाराची, गोष्ट काढली. मला म्हणाल्या, "अगं, जक्कय झाडावर चढला होता तेव्हा प्रभू खाली उभा राहून त्याला ओरडला का? आधी म्हणाला, उतर, आज मला तुझ्या घरी यायचंय. पैसे परत करायचं जक्कय त्याच्या नंतर बोलला."

लूकच्या शुभवर्तमानातल्या, म्हणजे त्यानं लिहिलेल्या येशूच्या चरित्रातल्या, एकोणिसाव्या अध्यायातला हा धडा मी रविवारच्या शाळेत कितीदा शिकवला होता. कागदाचं उंबराचं झाड करून त्यावर पुठ्ठ्याचा जक्कय चढवला होता. त्यातला क्रम माझ्या ध्यानात आला नव्हता. पहिल्यांदा स्वीकार, मग परतफेड. आणि परतफेड टळत नाही, हेही त्यातच आहे. जक्कय अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि ज्यांना फसवलं त्यांना चौपट परत करतो. बापाचा पैसा उडवून परत येणाऱ्या उधळ्या पुत्राच्या गोष्टीतही बाप मुलाचं पाठ केलेलं भाषण पुरं व्हायच्या आधी, तो दूर असतानाच, धावत सुटतो.

म्हणून मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, आणि ती माझ्या चुकीपासून. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, ज्या शेजारणीसमोर त्याला ओरडले होते तिच्याच दारात, त्याच्या देखत म्हणाले, "काकू, त्या दिवशी मी पोराला सगळ्यांसमोर बोलले ते माझं चुकलं." मग त्याच्याकडे वळून क्षमा मागितली. माझी जीभ जड झाली होती. चारचौघांत अपमान केला असेल तर माफी खोलीत कोंडून मागून भागत नाही, ती त्याच चौघांत मागावी लागते. आईबापाची अब्रू यानं जात नाही. ज्याला आयुष्यभर माफी मागायला शिकवायचं आहे, त्यानं ती मागताना कुणाला तरी पाहिलेलं असायला हवं.

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग विचारलं, "मग मी चौपट भरू? ऐंशी होतात."

मी म्हटलं, वीसच भर. त्यानं आजीला बरोबर घेऊन मजल्यावरच्या चार घरांची रद्दी मागून आणली, पिशवी खांद्यावर टाकून रद्दीवाल्याकडे नेली. वीस रुपये व्हायला पाच आठवडे लागले. शेवटी दोन रुपये कमी पडत होते तर ह्यांचा हात खिशात गेला. मी डोळ्यांनी थांबवलं. ते दोन रुपये त्यानं पुढच्या आठवड्यात आणले आणि स्वतःच्या हातानं डब्यात टाकले. त्यानंतर तो विषय आमच्या घरात कधी निघाला नाही. भांडणात नाही, पाहुण्यांसमोर गंमत म्हणूनही नाही. आज तो लिहिते आहे ते त्याला विचारून.

चूक उघडी पडते त्या क्षणी

त्या अनुभवातून जे हाताला लागलं ते सांगते. ज्याचं उत्तर आपल्याला आधीच माहीत आहे तो प्रश्न मुलाला विचारू नका. पाकीट दप्तरात दिसलं आहे आणि आपण विचारतो, "पैसे तू घेतलेस का?" हा सापळा आहे. घाबरलेलं मूल त्यात "नाही" म्हणणारच, आणि आता एका चुकीच्या दोन झाल्या, दुसरी आपण करवून घेतलेली. त्यापेक्षा सरळ सांगा, "डब्यातले वीस रुपये कमी आहेत आणि तुझ्याकडे नवी कार्डं आहेत, हे मी बघितलंय. जेवण झालं की आपण दोघं बोलू." मध्ये तासभर जाऊ द्या. तुमचा राग उतरतो आणि त्याच्या मनाची तयारी होते.

बोलायला एकांत हवा. चाळीत एकांत कुठला, असं म्हणाल. आम्ही चालायला जायचो, भाऊच्या धक्क्याच्या बाजूला, कधी नुसतं भाजी मार्केटपर्यंत. शेजारी शेजारी चालताना मुलं बोलतात. समोर उभं केलं की गप्प होतात. आणि बोलायला लागलं की त्याचं वाक्य आपण पुरं करायचं नाही. अडखळेल, थांबेल, रडेल. थांबू द्या.

मग क्षमा शब्दांत सांगायची. आपल्याकडे "जाऊ दे" म्हणायची सवय आहे. "जाऊ दे" म्हणजे मी ते गिळलं, पोटात ठेवलं, कधीतरी बाहेर काढीन. मुलाला हे बरोबर कळतं. "मी तुला क्षमा केली" हे पूर्ण वाक्य उच्चारायला सुरुवातीला लाज वाटते. आठदहा वेळा म्हटलं की जमतं.

आणि मग भरपाई. ती मुलानं स्वतः सुचवावी. काच फोडली असेल तर काचवाल्याकडे बाबांबरोबर त्यानं जायचं, माप त्यानं सांगायचं. बहिणीची वही फाडली असेल तर पानं उतरवून द्यायची. भरपाई मुलाच्या कुवतीतली असावी, पण खरी असावी, मोठ्यांनी हळूच उरकून टाकलेली नसावी. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात प्रभू म्हणतो की अर्पण आणताना आठवलं, भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे, तर अर्पण वेदीपुढे ठेव, आधी जाऊन समेट कर, मग ये. आमच्या वर्गात एकदा दोन मुलींचं भांडण झालं होतं. मी अर्पणाची थैली फिरवायची थांबवली आणि दोघींना बाहेर पाठवलं. दहा मिनिटं वर्ग नुसता बसून राहिला. त्या परत आल्या तेव्हा थैली फिरली. तो धडा मला वेगळा शिकवावा लागला नाही.

चारपाच वर्षांच्या आतलं मूल सांगतं की वाघ पोटमाळ्यावर आला होता, किंवा दूध मांजरानं सांडलं. त्याला खोटं म्हणू नका. त्या वयात मनातली इच्छा आणि घडलेली गोष्ट अजून वेगळी झालेली नसते. "तू सांडलं नसतंस तर बरं झालं असतं, हो ना?" एवढं म्हणून फडकं त्याच्या हातात द्यावं.

एक गोष्ट मात्र नर्स म्हणून आणि शिक्षिका म्हणून मोठ्यानं सांगायची आहे. क्षमेची शिकवण मुलाला गप्प बसवायला कधीही वापरू नये. कुणी मोठ्या माणसानं, नात्यातल्या, शाळेतल्या, चर्चमधल्यासुद्धा, मुलाच्या अंगाला नको तसा हात लावला, किंवा "हे आईला सांगू नकोस" म्हटलं, तर ते मुलानं घरी सांगायलाच हवं आणि आपण त्यावर विश्वास ठेवायलाच हवा. तिथे "क्षमा कर आणि विसर" म्हणणं हे त्या लेकरावर दुसरा घाव घालणं आहे. 1098 हा मुलांच्या मदतीचा नंबर मी वर्गातल्या भिंतीवर पाठ करायच्या सुवर्णवचनाच्या शेजारी लावला आहे आणि वर्षातून दोनदा सगळ्यांकडून म्हणून घेते. चुका सांगायची भीती नसलेलं मूल हेही सांगू शकतं.

रात्रीची प्रार्थना

कुटुंबप्रार्थना अर्धा तास चालली की मुलं जांभया देतात आणि त्यांना देवाचा कंटाळा येतो. आमची सातआठ मिनिटांची असायची. वेळ ठरलेली: जेवणाची भांडी घासून झाली आणि अंथरुणं घालायची बाकी आहेत, तेव्हा. माझी रात्रपाळी असली की हे घ्यायचे. गाण्याचं एक कडवं, शुभवर्तमानातली पाचसहा वचनं, आणि मग प्रत्येकानं दोन गोष्टी सांगायच्या: आज कशासाठी आभार, आणि आज माझं काय चुकलं.

"चुकलं" मोठ्यांपासून सुरू व्हायचं. हे एकदा म्हणाले, "वर्कशॉपमध्ये एकाचं काम मी माझं म्हणून सांगितलं." मुलांचे चेहरे मला आजही दिसतात. बाबांचं पण चुकतं! दुसऱ्या दिवशी मोठीनं स्वतःहून सांगितलं की तिनं मैत्रिणीचं चित्र मुद्दाम खराब केलं होतं. प्रार्थनेत कबूल केलेल्या गोष्टीवर नंतर शिक्षा नाही, हा नियम होता. भरपाई होती, पण शिक्षा नाही. हा नियम एकदा जरी मोडला तर त्या रात्रीपासून मुलं फक्त किरकोळ चुका सांगतात.

आणि प्रार्थनेतून मुलाला टोमणा मारू नका. "हे प्रभू, आमच्या बाळाला अभ्यासाची बुद्धी दे, मोबाइलचं वेड कमी कर," असं मूल शेजारी बसलेलं असताना म्हणणं ही देवाशी केलेली गोष्ट नसते, ती मुलाला ऐकवलेली असते. त्याच्याविषयी तसं काही मागायचं असेल तर ते झोपल्यावर मागा. त्याच्या देखत त्याच्यासाठी आभार माना, आणि नेमके माना: "आज यानं आजीचा चष्मा शोधून दिला."

भाषा सोपी ठेवायची. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून सबंध बायबलाचं मराठी भाषांतर केलं ते साध्यासुध्या बायकांना वाचता यावं म्हणून. आज आपली बरीच मुलं इंग्रजी माध्यमात आहेत. बायबलमधल्या गलतीकरांस पत्रातली आत्म्याची नऊ फळं, म्हणजे पवित्र आत्म्यानं माणसात येणारे गुण, ती घडाघडा म्हणतात: प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता, इंद्रियदमन. शेवटच्या शब्दाचा अर्थ विचारला की सगळ्यांच्या माना खाली. मी एका महिन्याला एकच फळ घेते. इंद्रियदमन म्हणजे गरम वडापाव समोर आहे, ताई अजून आली नाही, आणि आपण थांबतो. विश्वासूपणा म्हणजे बाई वर्गाबाहेर गेल्या तरी चाललेलं काम चालूच. सौम्यता म्हणजे आपण बरोबर असतानासुद्धा आवाज न चढवणं. हे सगळ्यात अवघड आहे आणि त्याला मी कधी कधी दोन महिने देते.

बायबलमधल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात म्हटलं आहे की या गोष्टी घरी बसताना, वाटेनं चालताना, निजताना आणि उठताना मुलांशी बोला. पाठ घेऊन बसा असं तिथे नाही, येताजाता बोलत राहा असं आहे. मुंबईकराला हे सोयीचं आहे, आपलं निम्मं आयुष्य वाटेतच जातं.

गोष्टी इथल्या रस्त्यावर आणून सांगा

सकाळी नाक्यावर कामाची वाट बघत उभे असलेले बिगारी, रंगारी, सुतार मुलांनी रोज पाहिलेले असतात. त्यांच्यासमोरून जाताना मत्तयाच्या विसाव्या अध्यायातली द्राक्षमळ्याची गोष्ट सांगा. संध्याकाळी पाचला कामावर घेतलेल्यालाही धनी पूर्ण दिवसाची मजुरी देतो. वर्गात मुलं चिडतात, "हे बरोबर नाही, बाई!" चिडू द्या. मग विचारा, पाचपर्यंत ज्याला कुणीच बोलावलं नाही त्याच्या घरी आज चूल पेटेल का? एका मुलाचे वडील नाक्यावर उभे राहायचे. तो कधी बोलायचा नाही. त्या दिवशी म्हणाला, "पाच वाजता कुणी बोलावत नाही, बाई. दहा वाजताच घरी येतात." त्याच्यानंतर वर्गात कुणी धन्याबद्दल तक्रार केली नाही.

चांगल्या शोमरोन्याची गोष्ट, वाटेत लुटून टाकलेल्या माणसाला परक्या जमातीतल्या एकानं उचलून वाचवल्याची, मला माझ्या मुलीनं शिकवली. 26 जुलै 2005. सांताक्रूझला त्या एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला, हे आकडे आपण नंतर वाचले. त्या रात्री मला एवढंच माहीत होतं की मोठी तेरा वर्षांची आहे, कुर्ल्याला आत्याकडे गेली होती आणि परत निघाली आहे. मी दवाखान्यात अडकले, फोन बंद. ती दुसऱ्या दिवशी दुपारी घरी आली, अंगावर कुणाचातरी सलवार कमीज. कुर्ल्यात कमरेएवढ्या पाण्यातून एका मुसलमान कुटुंबानं तिला वर घेतलं, आपल्या मुलीचे कपडे दिले, खिचडी खाऊ घातली, आणि पाणी ओसरल्यावर घरातल्या आजोबांनी तिला रुळांवरून चालत, सोबत करत आणून सोडलं. आजोबा चहा घ्यायलाही थांबले नाहीत.

पुढच्या रविवारी मी लूकचा दहावा अध्याय घेतला. आपणही शोमरोन्यासारखं व्हावं, वाटेत पडलेल्याला मदत करावी, असं मी नेहमीसारखं सांगत होते. मोठी मागच्या बाकावर होती. म्हणाली, "पण आई, या वेळी वाटेत पडलेली मी होते ना?"

यहुदी लोक शोमरोन्यांचा तिटकारा करत, त्यांच्याशी संबंध ठेवत नसत. प्रभूनं गोष्टीतला भला माणूस मुद्दाम त्यांच्यातला निवडला. म्हणून ही गोष्ट सांगताना मुलाला आधी विचारा, तुला कुणाचा हात धरायला आवडणार नाही? कोणत्या वस्तीतल्या, कोणत्या धर्माच्या, कोणत्या जातीच्या माणसाचा? खरं उत्तर येईपर्यंत थांबा. मग त्या माणसाला गोष्टीत घाला.

प्रभूचा शिष्य पेत्र मूळचा मासे धरणारा, त्याची गोष्ट धक्क्यावर सांगावी. त्यानं प्रभूला तीनदा नाकारलं, आणि योहानाच्या शेवटच्या अध्यायात प्रभू समुद्रकाठी कोळशाचा विस्तव करून त्यावर मासळी भाजतो, आधी त्याला न्याहारी देतो, आणि मग तीनदा विचारतो, माझ्यावर प्रीती करतोस का? बोटी लागलेल्या असतात, मासळीचा वास असतो, मुलांना जास्त समजवावं लागत नाही.

पैसे, शेजारी, धाक

अर्पणाचं थोडक्यात. थैली समोर आल्यावर आईनं घाईघाईत मुठीत कोंबलेलं नाणं मुलाचं अर्पण होत नाही. खाऊच्या पैशांतून किती द्यायचं ते त्यानं शनिवारी ठरवावं, पाकिटात घालावं. दोनच रुपये ठरवले तर दोनच. बायबलमधल्या गरीब विधवेनं मंदिरात दोनच दमड्या टाकल्या होत्या, आणि प्रभूनं त्याच सगळ्यांत मोठ्या मानल्या.

चाळीत गणपती बसायचा, आमच्या दाराला लागूनच मंडप. मंडप बांधायला मुलं जायची, आरतीच्या वेळी आम्ही आदरानं बाजूला उभे राहायचो. प्रसाद घ्यावा की नाही यावर आमच्या मंडळीतच दोन मतं आहेत, तुमच्या घरचा निर्णय तुम्ही करा. पण नाही म्हणायचं असेल तर हात जोडून, हसून नाही म्हणायला शिकवा. नाक मुरडणारं मूल प्रभूची साक्ष देत नाही. नाताळात करंज्या, लाडू, केकचं ताट मजल्यावरच्या प्रत्येक घरी मुलांनीच न्यायचं, आणि ज्या घराशी पाण्यावरून भांडण चालू आहे त्या घरी सगळ्यांत आधी. हा सासूबाईंचा नियम होता आणि त्यावर अपील नव्हतं.

देवाला हवालदार करू नका. "देव बघतोय" हे वाक्य मी आमच्या घरात बंद केलं, आणि वर्गात म्हणायचं झालं तर मूल काही चांगलं करतं तेव्हा म्हणते. मारू नका. इफिसकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात प्रेषित पौल बापांना बजावतो की मुलांना चिरडीस आणू नका. पण शिस्तच नको असंही त्यात नाही, त्याच ओळीत प्रभूच्या शिस्तीत वाढवा असं आहे. शमुवेलाच्या पुस्तकातला एली याजक भला माणूस होता, मुलगे काय करतात ते त्याला ठाऊक होतं, आणि त्यानं त्यांना आवरलं नाही. ती गोष्ट मी पालकांच्या सभेत घेते, मुलांच्या वर्गात नाही.

मोठं झाल्यावर

सोळासतराव्या वर्षी धाकटा म्हणाला, "मी चर्चला येणार नाही." मी रडले, ह्यांनी बोलणं टाकलं. मग मला लक्ष्मीबाई टिळक आठवल्या. नारायण वामन टिळकांनी 1895 साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं होतं. त्या स्वतः ख्रिस्ती झाल्या त्या 1900 साली, पाच वर्षांनी, आपल्या मनानं, आपल्या वाटेनं. 'स्मृतिचित्रे' आमच्या घरात होतं, मी ते पुन्हा काढून वाचलं. विश्वास दुसऱ्याच्या अंगात घालता येत नाही, इतकं मला त्यातून उमजलं आणि मी सक्ती सोडली.

अशा मुलाच्या घरी दोन गोष्टी बंद करू नका. रविवारचं जेवण, आणि रात्रीचं "आज काय चुकलं." तो प्रार्थनेला बसायचा नाही, पण दारात उभा राहून ऐकायचा, आणि कधीमधी तिथूनच म्हणायचा, "आज माझं चुकलं." आम्ही वळून बघायचो नाही.

मोठीचं घर आज मंडळीतच आहे, तिचा मुलगा माझ्या वर्गात बसतो. धाकटा आता तिशीत आहे, ठाण्याला राहतो, चर्चला फक्त नाताळला येतो. मागच्या वर्षी त्याच्या कंपनीत हिशेबात त्याच्या हातून चूक झाली, कुणाच्या ध्यानात आली नव्हती. तो स्वतः साहेबाकडे गेला, सांगितलं, आणि तीन शनिवार बसून ती निस्तरली. मला हे त्यानं सांगितलं नाही, सुनेनं सांगितलं. मी त्याच्यासाठी रोज प्रार्थना करते, तो झोपला असेल अशा वेळी. रविवारी दुपारी त्याचा फोन येतो. जेवलीस का, गोळ्या घेतल्यास का, असं सगळं विचारून झालं की म्हणतो, "आज पोरांना काय शिकवलंस?"

मी सांगते. तो शेवटपर्यंत ऐकतो.